मुंबईला चीन किती ठाऊक होता?

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगजवळ यांगत्झे नदीत नांगरलेल्या 'कॉर्नवॉलिस' या इंग्रजी युद्धनौकेवर चिनी बादशहाच्या वकिलांनी तहावर सह्या केल्या. हाँगकाँग गेले, पाच बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली, दोन कोटी दहा लाख डॉलरची खंडणी ठरली आणि त्यातले साठ लाख चीनने नष्ट केलेल्या अफूच्या भरपाईचे होते. इतिहासाच्या पुस्तकांत हा तह इंग्लंड आणि चीन या दोघांतला म्हणून येतो, आणि कागदावर तो तसाच आहे. मात्र ज्या जहाजावर सह्या झाल्या ते १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत, वाडिया या पारशी जहाजबांधकांच्या देखरेखीखाली, सागवानात बांधलेले होते. ज्या अफूवरून लढाई पेटली तिचा मोठा हिस्सा माळव्यातून पश्चिम किनाऱ्यावर उतरून चीनला गेला होता. लढलेल्या फौजेत मद्रास आणि बंगालचे शिपाई होते. चीनच्या त्या नामुष्कीच्या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी भारतीय हजर होता, आणि मुंबई तर तीन पिढ्यांपासून चीनवर पोट भरत होती. इतक्या दीर्घ आणि इतक्या निकटच्या संबंधातून मुंबईला, आणि एकूण भारतीयांना, चिनी समाज कितीसा कळला? माझे उत्तर असे की फार थोडा. आणि त्याचे कारण अंतर, भाषा किंवा चिनी सरकारचे निर्बंध यांपेक्षा वेगळे आहे. परक्या समाजात माणूस किती वर्षे राहिला यावर त्याची ओळख ठरत नाही. तिथे आपल्या वागण्याचा जाब त्याला कोणाकडे द्यावा लागतो, यावर ती ठरते. चीनमध्ये राहिलेल्या बहुतेक भारतीयांना चिनी माणसाला जाब द्यावाच लागला नाही.

आधी हा संबंध किती दाट होता ते पाहिले पाहिजे, म्हणजे पुढचे मौन किती विचित्र आहे ते ध्यानात येईल. हिरजी जीवनजी रेडीमनी हे १७५६ मध्ये चीनला गेलेले पहिले पारशी व्यापारी मानले जातात. सुरुवातीला मुंबईहून जात होता तो मुख्यतः गुजरातचा कापूस. येताना चहा, रेशीम, साखर आणि चिनी मातीची भांडी येत. एकोणिसावे शतक उजाडले तसा अफूचा पल्ला जड होत गेला. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता, पण माळव्यातली खसखशीची शेते शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात होती. तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. इंदूर-उज्जैनचे सावकार शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देत, माल उचलत आणि बैलांच्या व उंटांच्या तांड्यांनी किनाऱ्याला पोचवत. कंपनीने वाट अडवली तर माल वळसे घालून पोर्तुगीजांच्या दमणला निघे. शेवटी १८३१ च्या सुमारास कंपनीने हात टेकले, पेटीमागे पासाचे पैसे घेऊन मुंबईची वाट मोकळी केली आणि १८४३ मध्ये सिंध जिंकून तिथून जाणारी दुसरी वाट बंद झाल्यावर हा दर भराभर चढवला. या धंद्यात एका जातीची मक्तेदारी नव्हती. पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद हे जैन होते आणि मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान. दमणच्या वाटेवर ज्यांचा जम बसला होता ते रोजेरिओ द फारिया मूळचे गोव्याचे. तेव्हा चीनचा व्यापार पारशांचा, बाकीचे बघे, ही समजूत सोडून द्यावी लागते. माळव्यातल्या मराठी संस्थानिकांच्या महसुलापासून माहीमच्या कॉजवेपर्यंत हा पैसा झिरपला होता. या पैशाच्या पापपुण्याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. इथे प्रश्न ओळखीचा आहे.

हा संबंध चीनच्या ज्या तुकड्यावर प्रत्यक्ष घडत होता तो तुकडा फार लहान होता. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोप आणि भारताकडून समुद्रमार्गे येणाऱ्या व्यापाऱ्यांना एकच बंदर मोकळे होते, कँटन. आणि कँटनमध्येही शहराच्या तटाबाहेर, पर्ल नदीच्या काठी, तेरा वखारींची एक रांग. शहरात शिरायला मनाई. बायकांना आणायला मनाई. व्यवहार फक्त सरकारने नेमलेल्या 'हाँग' व्यापाऱ्यांशी. हंगाम संपला की मुक्काम हलवून मकावला जायचे. पाय मोकळे करायचे तर ठरलेल्या तिथींना, महिन्यातून तीनदा, छोट्या गटाने, नदीपलीकडच्या बागांपुरते. परदेशी माणसाला भाषा शिकवणे चिनी माणसाच्या जिवावर बेतू शकत होते. १७५९ मध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याला चिनी भाषेत अर्ज लिहून देणाऱ्याचा शिरच्छेद झाला होता. या रांगेत १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तीनशेच्या आसपास परदेशी पुरुष होते आणि त्यांत साठेक पारशी, म्हणजे इंग्रजांच्या खालोखाल. चिनी कागदपत्रांत त्यांची ओळख पांढऱ्या डोक्याचे परके अशी होती, पगडीवरून. १८३९ मध्ये आयुक्त लिन झेशू यांनी वखारींना वेढा घातला तेव्हा त्यात पारशी व्यापारीही अडकले, आणि जप्त होऊन हुमेनच्या किनाऱ्यावर चुना-मिठाच्या पाण्यात विरघळवलेल्या वीस हजारांवर पेट्यांत मुंबईकरांच्या पेट्या मुबलक होत्या.

इथे पहिला आक्षेप आपोआप उभा राहतो. ज्याला पिंजऱ्यात ठेवले त्याने जंगलाचे वर्णन का केले नाही, असे विचारणे अन्यायाचे नाही का? दार चिनी सरकारनेच बंद केले होते. मग अज्ञानाचा दोष व्यापाऱ्यावर का? आक्षेपात वजन आहे, पण तो टिकत नाही. कारण त्याच पिंजऱ्यात, त्याच वर्षांत, रॉबर्ट मॉरिसन नावाचा मिशनरी राहत होता. १८०७ मध्ये तो कँटनला उतरला, चोरून चिनी शिक्षक मिळवले, पुढे कंपनीचा दुभाषा म्हणून नोकरीला लागला आणि १८१५ ते १८२३ या काळात त्याने चिनी-इंग्रजी कोश मकावमध्ये छापून काढला. बायबलही चिनीत आणले. निर्बंध त्यालाही तेच होते. फरक एवढाच की त्याचे काम चिनी माणसाशी बोलल्याशिवाय सुरूच होत नव्हते. धर्मांतर करायचे तर समोरच्याचे मन, त्याचे देव, त्याच्या शंका कळाव्या लागतात. मॉरिसनचा हेतू आपल्याला पटो न पटो, त्याला चिनी श्रोत्यापुढे टिकायचे होते. व्यापाऱ्याला टिकायचे होते ते मुंबईतल्या भागीदारापुढे, लंडनच्या हुंडीपुढे आणि कँटनच्या भावापुढे. शिवाय १८४२ नंतर पाच बंदरे उघडली, हाँगकाँग इंग्रजी अमलाखाली आले, शिक्षक मिळवणे सोपे झाले. तरीही भारतीय व्यापाऱ्यांच्या बाजूने चित्र फारसे बदलले नाही. कुलूप निघाल्यावरही जो दार ढकलत नाही, त्याच्या बाबतीत कुलपाला दोष देणे कठीण होते.

दुसरा आक्षेप अधिक चाणाक्ष आहे. पुस्तक लिहिले नाही म्हणजे ठाऊक नव्हते, हा पुस्तकी माणसांचा गैरसमज झाला. व्यापाऱ्याचे ज्ञान वहीत असते, पत्रात असते, कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला नाही या निर्णयात असते. जमशेटजी पाच वेळा चीनला जाऊन आले होते. त्यांच्या पत्रांच्या नकलवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही आहेत. हाँग व्यापाऱ्यांतला सर्वांत धनाढ्य हाउक्वा, म्हणजे वू बिंगजियान, याच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार चालत आणि हा विश्वास काही हवेतून आलेला नव्हता. हे सगळे मान्य. पण हे ज्ञान कशाचे होते ते पाहा. भाव, पत, हंगाम, जहाजाची येण्याची तारीख, कोणता मँडरिन, म्हणजे सरकारी अधिकारी, किती घेतो. यातला चिनी माणूस हा व्यवहाराचा दुसरा पक्ष आहे. त्याचे घर, त्याचे परीक्षांचे वेड, त्याच्या गावातले दुष्काळाचे साल, अफूने त्याच्या भावाचे काय झाले, हे त्यात बहुधा येत नाही, कारण त्याची गरज नाही. किंबहुना शेवटची गोष्ट जाणून घेणे गैरसोयीचेच होते. जॉर्ज चिनरी या चित्रकाराच्या नावावर असलेले जमशेटजींचे एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. शेठ खुर्चीत बसले आहेत आणि शेजारी त्यांचा चिनी चिटणीस उभा आहे. चित्राच्या शीर्षकात त्या चिटणिसाचे नाव नाही. व्यापाऱ्यांनी चीनवर काहीच लिहिले नाही असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या गुजराती छापखान्यांतून चीनची प्रवासवर्णने निघाली. पण जवळजवळ शतकभराच्या संबंधापुढे हा ऐवज मूठभरच ठरतो.

याचा अर्थ तिथले भारतीय जीवन रिते होते असा मुळीच नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी वाटते. ते भरगच्च होते, पण आतल्या बाजूला. चीनमध्ये दोखमा, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याचा पारशी मनोरा, नव्हता, म्हणून पारशांनी परंपरा बाजूला ठेवून मृतांना दफन करायला सुरुवात केली. मकावची स्मशानभूमी १८२९ ची, कँटनजवळच्या व्हाम्पोआची १८४७ ची आणि हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीतली १८५२ ची. धर्माच्या इतक्या मूळच्या आचारात बदल करायला तयार होणारा समाज कर्मठ नव्हे. पण दगडांवर कोरलेली भाषा गुजराती आणि इंग्रजी. वाचणारा मुंबईचा धरलेला. हाँगकाँग, कँटन आणि मकाव यांचा मिळून पारशी धर्मादाय निधी उभा राहिला आणि तो आजही चालतो. चिनी कारागिरांकडून रेशमावर बगळे, पूल, पॅगोडा आणि शेवंतीची फुले भरून घेतलेल्या गाऱ्याच्या साड्या मुंबई-सुरतेच्या पारशी घरांत मानाचे वस्त्र झाल्या. म्हणजे चिनी कला अंगाला लागली, पण ती भरणारा हात कोणाचा याची चौकशी झाली नाही. हाँगकाँगमध्ये तर पारशांनी शहरच घडवले: दोराबजी नौरोजी मिठाईवाला यांच्या फेरीबोटींतून स्टार फेरी निघाली, १८६५ मध्ये हाँगकाँग-शांघाय बँकेच्या स्थापनेत पारशी होते, आणि होरमसजी मोदी यांनी दीड लाख डॉलर देऊन विद्यापीठाच्या मुख्य इमारतीची सोय केली, तिची कोनशिला मार्च १९१० मध्ये बसली. दानत निर्विवाद आहे. पण विद्यापीठ शिकवणार होते इंग्रजीत, ते उभे राहिले इंग्रज गव्हर्नरच्या पुढाकाराने, आणि मोदींना 'सर' हा किताब दिला इंग्रज राजाने. जाब आणि शाबासकी, दोन्हींचा पत्ता एकच होता.

यात चिन्यांकडे पाहण्याचा काही खास भारतीय उर्मटपणा होता असे मला वाटत नाही. स्थलांतरित वस्त्या बहुधा अशाच असतात. माझगावात गोदीच्या आसपास चिनी खलाशांची आणि कारागिरांची वस्ती होती. त्यांनी १९१९ मध्ये बांधलेले सी यिप कून हे देऊळ अजून उभे आहे. त्या गल्लीवरून रोज जाणाऱ्या मुंबईकराला त्या वस्तीबद्दल किती ठाऊक होते आणि त्या वस्तीला गिरगाव-परळाबद्दल किती, हे विचारले तर दोन्हीकडून उत्तर तोकडेच मिळेल. फरक पडतो तो सत्तेमुळे. माझगावच्या चिन्याला मुंबई कळली नाही तर नुकसान त्याचे. शांघायच्या भारतीयाला चीन कळला नाही तर त्याचे काही बिघडत नसे, कारण त्याच्या पाठीशी इंग्रजी बंदूक होती. पुष्कळदा ती बंदूक त्याच्याच हातात असे.

ही बंदूकवाली वस्ती व्यापाऱ्यांहून निराळी. हाँगकाँगच्या पोलिसांत १८६७ पासून शीख भरती झाले आणि शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत १८८० च्या दशकापासून. गोऱ्या शिपायापेक्षा स्वस्त, आणि चिनी शिपायापेक्षा वसाहतीच्या नगरपालिकेला अधिक भरवशाचे. शिवाय उंच बांधा आणि फेटा यांची जरब. विसाव्या शतकात शांघायच्या दलात त्यांची संख्या पाचशे-सहाशेच्या घरात गेली. तुरुंगाचे पहारेकरी आणि खाजगी चौकीदार ते वेगळेच. पंजाबातल्या कोरडवाहू जमिनीच्या आणि कर्जाच्या पार्श्वभूमीवर तिथला पगार मोठा होता, आणि फावल्या वेळात चढ्या व्याजाने पैसे देण्याचा जोडधंदाही चाले. १९०८ मध्ये डोंगबाओशिंग रस्त्यावर त्यांनी गुरुद्वारा बांधला. लंगर, गावाकडची पत्रे, खटले आणि पुढे इंग्रज सत्तेविरुद्ध उठलेल्या गदर पक्षाची गुप्त पत्रकेही याच वर्तुळात फिरली. व्यापाऱ्यापेक्षा हा शिपाई चिनी माणसाच्या कितीतरी जवळ होता. दिवसभर रस्त्यावर, रिक्षावाल्याशी हुज्जत, फेरीवाल्याशी झटापट, कर्जदाराच्या दारात तगादा. तरीही हे सान्निध्य ओळखीचे साधन झाले नाही. झाले ते उलटेच. चिनी माणसाने मात्र त्याला नीट पाहून ठेवले. शांघायच्या तत्कालीन व्यंगचित्रांत आणि शिव्यांत लाल फेटेवाला शीख हा परकीय सत्तेचा रस्त्यावरचा चेहरा झाला. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रोडवर निदर्शने करणाऱ्या जमावावर इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमावरून शीख आणि चिनी शिपायांनी गोळ्या झाडल्या, आणि त्यातून देशभर जे आंदोलन उसळले त्याने चीनच्या राजकारणाची दिशा बदलली. त्या गोळीबारात शिपायांचा स्वतःचा काही वैरभाव नव्हता. पण त्यांना जाब द्यायचा होता तो हुकूम देणाऱ्याला, समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला नव्हे. हे ओझे काहींना जाणवले होते. गदरवाल्यांचे सगळे म्हणणेच हे होते, आणि १९२७ मध्ये शांघायच्या शीख दलातल्या बुद्धासिंग या इंग्रजनिष्ठ जमादाराचा खून झाला तो याच वादातून.

या पार्श्वभूमीवर एक माणूस उठून दिसतो, आणि तो ना व्यापारी ना पोलीस. ठाकूर गदाधरसिंग, कानपूर जिल्ह्यातल्या सचेंडीचे, सातव्या राजपूत पलटणीतले. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेले बॉक्सरांचे बंड मोडायला आठ राष्ट्रांच्या फौजा चीनवर गेल्या, त्यातल्या इंग्रजी तुकडीत बहुतेक शिपाई भारतीय होते. १४ ऑगस्टला पेकिंगमध्ये, आजच्या बीजिंगमध्ये, वेढलेल्या वकिलातींपर्यंत सर्वांत आधी पोचलेल्यांत राजपूत आणि शीख पलटणी होत्या. गदाधरसिंग सुमारे वर्षभर तिथे राहिले आणि परतल्यावर १९०२ मध्ये 'चीन में तेरह मास' हे तीनशेहून अधिक पानांचे हिंदी पुस्तक त्यांनी स्वतः छापले. पुस्तकाचा एक भाग लढाईचा आहे: तिआनजिनपासून पेकिंगपर्यंतची जळालेली गावे, नदीतली प्रेते, लूट, बायकांवरचे अत्याचार. दुसरा भाग समाजाचा: चिन्यांचे धर्म, कुटुंब, लग्न, स्त्रियांचे पाय बांधण्याची चाल, लांब वेणी, अफू, शेती, राज्यकारभार. नोकरी करणारा शिपाई, शत्रू म्हणून ज्याच्यावर सोडला गेला त्याच्या घराची चौकशी करतो, हेच मुळात असाधारण आहे. आणि पानोपानी तो चिन्यांना परके म्हणून बाजूला ठेवत नाही. बुद्धाच्या नात्याने, आशियाच्या नात्याने, आपल्याच शेजारचे म्हणून पाहतो. चीनची दुर्दशा वाचताना वाचकाला हिंदुस्थान आठवावा, ही त्याची सरळ इच्छा आहे.

व्यापाऱ्याला अनेक दशकांत जे जमले नाही ते याला एका वर्षात कसे जमले? बुद्धिमत्तेचा किंवा सहृदयतेचा फरक म्हणून भागणार नाही. सहृदय माणसे कँटनमध्येही होती. फरक जागेचा आहे. व्यापाऱ्याची चीनमधली जागा त्याला कधी खुपली नाही. शिपायाची खुपली. जिंकणाऱ्यांच्या फौजेत तो होता, पण जिंकणाऱ्यांत त्याची गणना नव्हती. गोऱ्या शिपायांच्या नजरेत तो काळाच होता, आणि शेजारी जपानी फौज होती, आशियाई असून बरोबरीच्या मानाने वावरणारी. जोधपूरच्या घोडदळाबरोबर त्याच वेळी चीनला गेलेल्या अमरसिंग यांच्या रोजनिशीतही इंग्रज अधिकाऱ्यांच्या तुच्छतेची ठसठस आहे. आपण इथे कोणाचे आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न एकदा पडला की समोरच्याचे घर दिसायला लागते. म्हणून गदाधरसिंगांचा जाब पलटणीच्या वह्यांत मावला नाही; तो त्यांना स्वतःला द्यावा लागला, आणि त्यांच्या भाषेतल्या वाचकाला.

आता तिसरा आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. गदाधरसिंगांनी चीन पाहिला की चीनच्या आरशात हिंदुस्थान पाहिला? आर्यसमाजी विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. चिनी धर्मात ते हिंदू खुणा शोधतात, चिन्यांच्या अधोगतीत आपल्या अधोगतीची कारणे. शिवाय ज्या लुटीचा ते धिक्कार करतात तिच्यात भारतीय पलटणीही होत्या. इंग्रजांनी पेकिंगमध्ये लुटीच्या मालाचे रीतसर लिलाव मांडले आणि त्याचा वाटा शिपायांपर्यंत पोचला. सहानुभूती म्हणजे ज्ञान नव्हे, हे खरेच. याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा चोवीस वर्षांनी मिळाला. एप्रिल १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर शांघायला उतरले. अफूच्या व्यापाराविरुद्ध विशीतच कडक लेख लिहिणारा हा माणूस. चीनबद्दल मैत्रीची भावना त्यांच्याइतकी कोणाची असेल? शांघायच्या शिखांनी त्यांचे स्वागत केले. पण पौर्वात्य अध्यात्माचा त्यांचा संदेश ऐकून चीनच्या तरुण क्रांतिकारकांनी त्यांच्याविरुद्ध पत्रके वाटली. त्यांना हवे होते कारखाने, शाळा, बंदुका आणि जुन्या कुटुंबातून सुटका. प्राचीन संस्कृतीची महती त्यांना नको होती, कारण तिच्याच ओझ्याखाली आपण दबलो असे त्यांना वाटत होते. टागोरांनी ज्या चीनशी बोलायला समुद्र ओलांडला तो चीन त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांचा नव्हता.

या आक्षेपाने माझे म्हणणे मोडत नाही, पण त्याला मर्यादा पडते आणि ती मी मान्य करतो. आत्मपरीक्षणातून नजर उघडते. ती कुठे स्थिरावेल हे त्यातून ठरत नाही. गदाधरसिंग आणि टागोर यांचा श्रोता शेवटी भारतीय होता, किंवा कल्पनेतला चिनी. तरीही दोघांत फरक करायला हवा. गदाधरसिंग सामान्यीकरण करतात तिथे चुकतात, पण त्यांनी जळालेली घरे पाहिली आहेत, आणि जिथे पाहिलेले सांगतात तिथे त्यांचे पुस्तक आजही बॉक्सर युद्धाच्या अभ्यासकांना साक्षीदार म्हणून हवे असते. कँटनच्या वह्या हव्या असतात त्या अफूच्या भावासाठी.

चिनी माणसालाच जाब द्यावा लागला असा भारतीय पाहायचा तर १९३८ पर्यंत थांबावे लागते, आणि तो सोलापूरचा निघतो. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले: अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी, बसू आणि द्वारकानाथ कोटणीस. सप्टेंबरच्या आरंभी ते मुंबईहून निघाले, आणि निघताना त्यांच्या आणि चीनच्या मधे ना कंपनी होती ना पलटण. पाचांचा हेतू एक, निष्ठा एक, प्रवासही बराचसा एक. त्यामुळे इथे तुलना सोपी जाते. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल त्यानंतर, बसू १९४३ मध्ये. कोटणीस राहिले. उत्तरेकडच्या डोंगराळ रणक्षेत्रात ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, शस्त्रक्रिया करू लागले, वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. हे सारे चिनीत. १९४१ मध्ये परिचारिका-शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट यांनी त्यांची कथा घरोघरी नेली, आणि मग ती दोन्ही सरकारांच्या समारंभांत गेली. तिथे प्रत्येक भाषणात त्याग आणि मैत्री हे दोन शब्द येतात आणि भाषेचा उल्लेख क्वचित येतो. कोणी म्हणेल, कोटणीस ध्येयवादी होते, व्यापाऱ्याशी त्यांची तुलना कशाला? पण ध्येयवादी तर पाचही होते, आणि टागोरही. कोटणीसांना इतरांहून पुढे नेले ते त्यांच्या रोजच्या कामाच्या घडणीने. रुग्ण चिनी शेतकरी आणि सैनिक, विद्यार्थी चिनी, मदतनीस चिनी, आणि वरिष्ठही चिनी. शस्त्रक्रिया बिघडली तर विचारणारा शेजारच्या खेड्यातला बाप होता, मुंबईतला भागीदार नव्हे. वर्गात शब्द चुकला तर विद्यार्थी चुकीचे शिकणार होता. हाँग व्यापाऱ्याच्या मध्यस्थीवाचून, इंग्रज सार्जंटच्या शिट्टीवाचून, चिनी माणूस त्यांना थेट उलट प्रश्न विचारू शकत होता, आणि उत्तर त्याच्याच भाषेत द्यावे लागत होते.